मोजून ठेवलेला सूर

शाळेच्या संमेलनात ही गंमत आपण पाहिली असेल. लहानशा कीबोर्डावर एक बटण दाबले की बासरी, दुसरे दाबले की चाळीस वर्षांपूर्वीच्या सिंथेसायझरचा दाट, थरथरता आवाज. ना भाता, ना तार. मग सूर येतो कुठून?

आधी मूळ यंत्र पाहू. जुन्या सिंथेसायझरमध्ये वीज सेकंदाला शेकडो वेळा हेलकावते. त्या हेलकाव्यांचा कर्ण्यातून सूर होतो. मुंबईचे चरणजीत सिंग हे चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले जाणकार चकित झाले. कारण टीबी-३०३ वर उभे राहिलेले शिकागोचे ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीत या तबकडीनंतरचे!

ही यंत्रे आता दुर्मीळ आणि महाग. म्हणून संगीतकार त्यांच्या आवाजाचा नमुना घेतात. ध्वनीची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि ते आकडे साठवायचे. कळ दाबली की आकड्यांवरून पुन्हा लाट तयार होते. पण एकच नमुना साऱ्या कळांना पुरत नाही. ग्रामोफोनची तबकडी जोरात फिरवली की गाणारा चिरका होतो ना? तसेच इथे होते. म्हणून थोड्याथोड्या अंतरावरच्या स्वरांचे वेगवेगळे नमुने घ्यावे लागतात.

तरी एक उणीव राहतेच. मूळ यंत्रावर वादक वाजवता वाजवता खुंट्या फिरवतो, सुराचा रंग बदलतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. आपली मींड तीच. नमुन्यात मात्र मोजणीच्या वेळी जे घडले, तेवढेच सापडते. बाकीचे वादकाला नव्याने घालावे लागते.

शिक्षकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. स्वतः वाद्य वाजवून घेतलेला नमुना आपला. दुसऱ्याच्या तबकडीतून उचललेला आपला नव्हे. १९५७ च्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९८२ ची ती तबकडी २०४२ अखेरपर्यंत परवानगीवाचून वापरता येणार नाही.

आता जरा आपल्या गावाकडे पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी आपल्या विदर्भात खंजिरी घरोघर नेली. ती वाजवणारे जुने हात गावोगाव थोडेच उरले असतील. मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा, फोनवर ध्वनी घ्या. पण एकच थाप घेऊन परत येऊ नका. हलकी थाप घ्या, जोराची घ्या, संथ आणि जलद घ्या. आणि शेवटी एक अख्खे भजन घ्या. थापा यंत्रात राहतील. त्या केव्हा, कशा द्यायच्या, हे त्या भजनातून आणि त्या माणसाजवळ बसूनच मुलांना कळेल.