माशाचं तेल : बाटल्या सारख्या, गुण वेगळे



कोकणात आपल्या वाडवडिलांना ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथला घाणा बंद ठेवणारे म्हणून हे नाव पडलं. घाणे मागे राहिले, पण तेलाची आवड काही सुटली नाही. आज आपल्या कितीतरी घरांत औषधांच्या डब्यात माशाच्या तेलाची बाटली असते. मात्र ते कुठलं तेल, असं विचारलं की उत्तर येतं, “माशाचंच की!” घोटाळा होतो तो इथेच.

आमच्या ओळखीच्या एका मावशींनी कुठेतरी ऐकलं की माशाचं तेल हृदयाला चांगलं. त्यांनी कॉड लिव्हर ऑइल आणलं आणि रोज तीन चमचे घ्यायला सुरुवात केली. शिवाय मल्टिव्हिटॅमिनची गोळी होतीच. कुपत होलीममधल्या नर्सने सगळ्या बाटल्या पाहायला मागितल्या, तेव्हा हा प्रकार लक्षात आला.

कॉड लिव्हर ऑइल निघतं कॉड माशाच्या यकृतातून. त्यात ओमेगा-३ असतं, पण त्याबरोबर अ आणि ड जीवनसत्त्वंही भरपूर असतात. मुलांची हाडं वाकू नयेत म्हणून पूर्वी आया नाक दाबून हेच पाजत. नुसतं ‘फिश ऑइल’ म्हणून मिळतं ते अँकोव्ही, सार्डिन अशा तेलकट माशांच्या अंगातलं. त्यात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं असतात, पण अ जीवनसत्त्व जवळपास नसतं.

आता हिशेब करू. साध्या कॉड लिव्हर ऑइलच्या एका छोट्या चमच्यात सुमारे १,३५० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व असतं. (काही कंपन्या ते कमी करतात.) मोठ्या माणसाची वरची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम. तीन चमच्यांत मावशी ४,००० च्या पुढे गेल्या! जास्तीचं अ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं. गरोदर बायकांनी तर हे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण अ जीवनसत्त्व फार झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं.

मग कॅप्सूल घेऊन हृदय सांभाळलं जातं का? १९९९ साली इटलीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा रोज एक ग्रॅम ओमेगा-३ ने मृत्यू कमी झालेले दिसले. पण २०१८ च्या ‘असेंड’ आणि ‘व्हायटल’ या आणखी मोठ्या चाचण्यांत झटका-पक्षाघात टाळण्यात एकंदर ठळक फायदा दिसला नाही. त्याच वर्षी ‘रिड्यूस-इट’मध्ये फायदा दिसला, पण ते शुद्ध ईपीएचं औषध होतं, रोज चार ग्रॅम, तेही ट्रायग्लिसराइड वाढलेल्या निवडक रुग्णांना. शिवाय त्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून एवढा डोस मनाने घ्यायचा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या कॅप्सूलबद्दलही डॉक्टरांना सांगावं.

दुकानात बाटली उलटी करून मागची बाजू वाचा. पुढे ‘१,००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, पण ईपीए-डीएचए मिळून बहुधा ३०० च असतं.

आता कश्रूतचं. कॉडला पर आणि खवले असतात. क्रिल ऑइल मात्र कोळंबीच्या जातीच्या जीवाचं, तेव्हा ते बाद. शार्क म्हणजे आपली मुशी, तिचं तेलही बाद. कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं आहे तेही पाहावं, हेखशेर असल्याशिवाय घेऊ नये. मासा नकोच असेल तर शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं.

आणि सगळ्यात सोपा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली, इथे मिळणारा सॅल्मन किंवा डब्यातलं सार्डिन खावं. आंबट-तिखट कालवण करावं, तळण कमी. मावशींनी आता हेच सुरू केलंय. बाटली नर्सने काढून घेतली, पण कालवणाची पाककृती मात्र मागून नेली!