आरक्षित प्रवर्गांतील अंतर्गत विषमता आणि महाविद्यालयीन प्रवेश

उच्च शिक्षणातील आरक्षणाची चर्चा बहुधा 'खुला विरुद्ध राखीव' या एकाच अंगाने होते. वस्तुतः राखीव प्रवर्ग एकजिनसी नाहीत. प्रवर्ग जितका विस्तृत, तितका त्यातील दुर्बल समाज मागे राहण्याचा संभव अधिक.

महाराष्ट्राने हे तुलनेने लवकर ओळखले. राज्यात इतर मागासवर्गाच्या १९ टक्के जागांव्यतिरिक्त विमुक्त जातींना ३, तर भटक्या जमातींच्या ब, क व ड गटांना अनुक्रमे २.५, ३.५ व २ टक्के जागा आहेत. केंद्रीय शिक्षणसंस्थांत मात्र २००६ च्या कायद्यानुसार इतर मागासवर्गाचा २७ टक्क्यांचा एकच गट आहे. परिणामी वडार समाजातील विद्यार्थी राज्यात १४ विमुक्त जातींच्या गटात स्पर्धा करतो. केंद्रीय विद्यापीठात त्याच विद्यार्थ्याची स्पर्धा शेकडो जातींशी असते. (अर्थात त्या १४ जातींतही बंजारा हा संख्येने मोठा समाज आहेच.) २०१७ मध्ये नेमलेल्या रोहिणी आयोगाने केंद्रीय नोकऱ्या व प्रवेश यांची माहिती तपासली, तेव्हा सुमारे ९७ टक्के लाभ २५ टक्के जातींना मिळाल्याचे आणि ९८३ समाजांना काहीच न मिळाल्याचे आढळले. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अनुमती दिली, तीही याच विचाराने.

परंतु केवळ उपगट करून प्रश्न सुटत नाही. जात वैधता पडताळणीत विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ हा मानीव दिनांक आहे. त्यापूर्वीचे राज्यातील वास्तव्य व जातीची नोंद दाखवावी लागते. ज्या समाजाचे जगणेच पालावर गेले, ज्याच्या आजोबांचे नाव ना शाळेच्या दाखल्यावर ना सातबारावर, त्याच्याकडून ही अपेक्षा अन्यायकारक ठरते. हीच अट गावात पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असलेल्या, जमीनधारक कुटुंबास फारशी जड जात नाही. म्हणजे ज्या वंचनेसाठी सवलत आहे, तीच वंचना सवलतीच्या आड येते. गुणवत्ता यादीत नाव असूनही प्रमाणपत्राअभावी राखीव जागा हातची जाते.

ही गळती महाविद्यालयाच्या अहवालांतही दिसत नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विमुक्त-भटक्यांचा स्वतंत्र रकाना नाही. महाविद्यालयाच्या प्रवेश-नोंदवहीत मात्र प्रत्येकाची जात लिहिलेली असते. कोणत्या जातीचे किती विद्यार्थी आले, किती प्रमाणपत्राअभावी परतले आणि किती तृतीय वर्षापर्यंत टिकले, याची गणना प्राध्यापकांना त्या नोंदवहीवरून करता येण्यासारखी आहे.