कुरळ्या केसांना काय मानवते

कुरळ्या केसाचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गोल नसतो, चपटा आणि लंबगोल असतो. असा केस ज्या मुळातून उगवतो ते मूळच त्वचेखाली वाकलेले असते. केसातल्या केराटिन या प्रथिनाची घडणही दोन्ही बाजूंना सारखी नसते. म्हणून तो वळत वळत वाढतो. टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते, वळणावळणाच्या केसावर मात्र वाटेतच थांबते. परिणामी मुळाशी तेलकट, टोकाशी कोरडे असे केस होतात, आणि प्रत्येक वळणावर केसाचे बाहेरचे खवले जरा उचललेले राहतात. अशा केसांना ओलावा लागतो आणि गुंता सोडवताना तुटणार नाहीत इतका निसरडेपणा लागतो. वनस्पतींचे उपचार निवडताना हीच कसोटी लावायला हवी. घरोघरी सर्वांत आधी आठवणारी मेंदी या कसोटीला पुरती उतरत नाही.

मेंदी हा मुळात रंग आहे. लॉसोनिया इनर्मिस या झुडपाच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य अगदी थोड्या प्रमाणात असते. कोमट, किंचित आंबट पाण्यात पूड भिजवली की ते सुटे होते आणि केराटिनला चिकटते. ही पकड पक्की असल्यामुळे रंग धुऊन जात नाही. लावल्यावर केशरी दिसणारा रंग हवेतल्या ऑक्सिजनमुळे दोनएक दिवसांत गडद होतो. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेसाठी केस रंगवायचे तर मेंदी आदल्या रात्री न लावता दोन दिवस आधी लावावी, ती यासाठी.

लॉसोनच्या थरामुळे केस जाड आणि भरदार वाटतो. पातळ, सरळ केसांना ते मानवते. कुरळ्या केसांच्या बाबतीत तोच थर केस ताठ आणि जड करतो. दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत मेंदी लावत गेल्यास थरावर थर चढतात, टोके राठ होतात आणि अनेकींच्या केसांची वेटोळी सैल पडतात. केसांना मूळ आकार देणारे बंध मेंदीने तुटत नाहीत. हा सगळा परिणाम थराचा आणि वजनाचा असतो. त्यामुळे रंग सगळ्या केसांवर एकदाच चढवावा आणि पुढे फक्त नव्याने उगवलेल्या मुळांना मेंदी लावावी.

कालवण्याची घरगुती कृतीही तपासून घेण्यासारखी आहे. लिंबाचा भरपूर रस, दही, अंडे, चहाचे पाणी असे सगळे एकत्र करण्याची पद्धत आहे. लिंबाचा अतिरेक कोरड्या केसांना आणखी कोरडे करतो. अंड्यातील प्रथिनांचे रेणू केसात शिरण्याच्या मानाने फार मोठे असतात, त्यामुळे त्यांचा उपयोग तात्पुरत्या लेपापुरताच. आंबटपणासाठी आवळ्याची पूड पुरते. ती घातली तर वेटोळी कमी सैल पडतात, असा वापरणाऱ्यांचा अनुभव आहे. लोखंडी कढईत भिजवल्यावर येणारा काळसरपणा आवळ्यातले टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाचा असतो. त्याचे श्रेय मेंदीला दिले जाते, ते चुकीचे. मेंदीत तेल घालणेही टाळावे, कारण त्यामुळे रंग कमी चढतो.

देशात नावाजलेली मेंदी राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजतची. तिला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा कल्याण-डोंबिवलीतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मेंदी घेताना पुडीवर घटकांची यादी आहे का, एवढे तरी पाहावे. शुद्ध मेंदीचा रंग एकच, केशरी ते तांबूस तपकिरी. काळा रंग हवा असेल तर मेंदी धुतल्यावर निळीच्या पानांची पूड लावावी लागते आणि तिने केस आणखी कोरडे होतात. एका तासात काळेभोर करणारी ‘काळी मेंदी’ बहुधा पॅराफिनिलीनडायअमिन, म्हणजे पीपीडी, या रसायनाच्या जोरावर काम करते. त्याची अॅलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. डोके खाजणे, पुरळ, पापण्या सुजणे ही तिची लक्षणे. पीपीडी असलेल्या केसरंगावर इशारा छापणे भारतात कायद्याने बंधनकारक आहे. कानामागे किंवा कोपरापुढच्या हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास वाट पाहावी, ही सूचना त्यासोबत असते. ती क्वचितच कुणी वाचते.

शुद्ध मेंदीही सर्वांसाठी निर्धोक नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्वचेतून शोषलेल्या लॉसोनमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. तान्ह्या मुलांना मेंदी लावूच नये.

कुरळ्या केसांना खरोखर साजणाऱ्या वनस्पती वेगळ्याच आहेत आणि त्या स्वस्तही आहेत. रात्रभर भिजवलेल्या मेथ्या, एकेरी जास्वंदीची पाने, कोरफडीचा गर आणि जवस या सगळ्यांत पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत द्रव असतो. तो केसांवर पातळ थर देतो, खवले बसवतो आणि बोटांनी गुंता सुटतो. त्यांतही जवस सर्वांत उपयोगी. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर उकळून, द्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा झाला की गरम असतानाच गाळावा. गार झाल्यावर तो गाळला जात नाही. ओल्या केसांवर हा द्रव दाबून लावला की वेटोळी सुकेपर्यंत आकार धरून राहतात. त्यात संरक्षक द्रव्य नसल्याने तो फ्रिजमध्ये ठेवावा आणि आठवड्यात संपवावा. मेथ्या मात्र अगदी गुळगुळीत वाटून, कापडातून गाळूनच लावाव्यात. कुरळ्या केसांत अडकलेला चोथा काढताना होणारी तूट मेथीच्या फायद्यापेक्षा जास्त असते.

हाच नियम शिकेकाईला लागू. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला, कचोरा हे न्हाण्याचे जुने मराठी मिश्रण. शिकेकाई आणि रिठ्यातील सॅपोनिन फेस आणते आणि तेल काढते. रिठा जास्त झाला तर केस रखरखीत होतात आणि डोळ्यांत गेल्यास चांगलीच आग होते. कुरळ्या केसांसाठी रिठा नावालाच घालावा आणि मिश्रण उकळून, गाळून, फक्त टाळूला लावावे.

पाण्याचाही यात वाटा आहे. कल्याण-डोंबिवलीला महापालिकेचे पाणी उल्हास नदीतून येते आणि ते त्या मानाने मृदू असते. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत किंवा कल्याण-डोंबिवलीलगतच्या २७ गावांच्या परिसरात टँकर अथवा बोअरवेलवर भागवावे लागते तेव्हा पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असू शकतात. अशा पाण्यात साबणाची चिवट साय केसांवर बसते. शिकेकाईची तशी बसत नाही. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतला तरी फरक जाणवतो.

तेलांपैकी खोबरेल तेलाला प्रयोगाचा आधार आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली होती. केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलानेच कमी झाली. त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते, म्हणून ते न्हाण्यापूर्वी लावण्याची आजीची रीत बरोबर ठरते. माका, ब्राह्मी घातलेल्या तेलांनी केस वाढतात या दाव्याला मात्र मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांचाच आधार आहे. कोंडा असताना तेल मुरवत ठेवू नये, कारण कोंड्याशी निगडित बुरशी तेलावरच पोसते. पावसाळ्यात, केस दिवसभर दमट राहतात तेव्हा तर नाहीच.

मेंदी पहिल्यांदा लावणाऱ्यांनी कंगव्यात आलेले केस साठवून आधी त्यांवर ती लावून पाहावी. रंग कसा येतो आणि केस किती ताठ होतो हे दोन दिवसांत कळते. डोक्यावर चढलेली मेंदी पुन्हा काढता येत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे खांद्यापर्यंतच्या केसांतून ती पूर्ण जायला अडीच ते तीन वर्षे लागतात.