घरचाच पहारेकरी

'आमच्या घराण्यात हे दुखणं कुणालाच नव्हतं!' सुनेच्या बोटांवरची सूज ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, म्हणजे आमवाताची आहे, असे डॉक्टरांनी सांगितले की अनेक घरांत पहिले वाक्य हेच उमटते. दुखणे बाजूला राहते आणि माहेर-सासरचा हिशेब सुरू होतो.

हा हिशेबच मुळात चुकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांतल्या 'टी' पेशींची परीक्षा छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत होते. घरच्यांवरच उठतील अशा पेशी तिथेच बाद होतात. तरी काही निसटतात. माणसे कितीही पारखून घेतली, तरी तपासनीस लागतोच, हे बँकेत आयुष्य काढलेल्या मला वेगळे सांगायला नको. शरीरातही असे तपासनीस असतात, हे जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवले. अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २००१ मध्ये आजारी उंदरांत एक बिघडलेले जनुक सापडले. या तपासनीस पेशी घडतात त्या याच 'फॉक्सपी-३' जनुकामुळे, हे पुढे उलगडले. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

मग दोष जनुकांचाच ना? तसेही नाही. एकाच जनुकाच्या बिघाडाने होणारे असे आजार फार विरळा. आमवातात अनेक जनुके शक्यता थोडी थोडी वाढवतात, आणि ती आईकडून येतात तशी वडिलांकडूनही येतात. दोघांपैकी कुणालाही आजार नसला तरी येतात. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तीच. तरी एकाला आमवात झाला, तर दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे पंधरा. बाकीच्या कारणांत धूम्रपानाचा वाटा सिद्ध झालेला आहे. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. म्हणजे बीज वारशाने आले, तरी ते रुजेलच असे नाही.

आणि हिशेबापेक्षा मोलाचा आहे तो वेळ. सुरुवातीच्या काही महिन्यांत मेथोट्रेक्सेटसारखे औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरू झाले, तर सांधे वाकडे होण्यापासून बव्हंशी वाचतात. नेमके तेच महिने आपण 'कुणाकडून आले' या वादात घालवतो. आजार कुणाच्या खात्यावर मांडायचा, हे राहू द्या. आधी सुनेला डॉक्टरकडे न्या. आणि परत येताना तिच्या हातातली पिशवी आपण घ्या.