विश्लेषण : फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपी कशासाठी?

फोंडाघाट परिसरातील रुग्णाला फुफ्फुसात कर्करोगाची गाठ असल्याचे कळले, की पुढचे उपचार बहुधा कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईत होतात. तपासण्या आणि शस्त्रक्रियेची तारीख यांत काही आठवडे जातात. ‘आता अंगाला श्रम नकोत’ म्हणून घरचे रुग्णाला खाटेवरून उठू देत नाहीत. पण ज्याला आधीपासून सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट विकार आहे, त्याच्यासाठी हे आठवडे तयारीचे असतात.

सीओपीडी असल्यास धोका का वाढतो?
या आजारात श्वासनलिका अरुंद होतात, कफ वाढतो आणि फुफ्फुसातील हवेचे कप्पे झिजतात. विडी-सिगारेट हे मोठे कारण. पण वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या, कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांनाही तो होतो. उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात. गाठ लवकर सापडली तर सहसा तो खंड काढतात. शस्त्रक्रियेनंतर दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. श्वसनक्षमता फारच कमी असेल, तर शस्त्रक्रियेचा पर्यायच उरत नाही.

क्षमता कशी मोजतात?
स्पायरोमेट्रीत जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते पाहतात. फुफ्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो, हेही तपासतात. त्यावरून खंड काढल्यावर किती क्षमता उरेल याचा अंदाज बांधतात. गरजेनुसार रुग्णाला चालायला किंवा जिने चढायला लावतात.

फिजिओथेरपीने नेमके काय होते?
झिजलेले फुफ्फुस व्यायामाने पूर्ववत होत नाही. पण पायांचे आणि श्वासाचे स्नायू बळकट होतात, हृदयाची ताकद वाढते आणि तेवढ्याच कामाला कमी दम लागतो. चालणे किंवा सायकल, हातापायांचे ताकदीचे व्यायाम, श्वासाचे व्यायाम आणि कफ बाहेर काढण्याची पद्धत असा हा कार्यक्रम असतो. छातीशी उशी धरून कसे खोकायचे, हे शस्त्रक्रियेआधीच शिकलेले बरे. नंतर वेदनेत शिकणे कठीण जाते.

पुरावा काय?
कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात १० चाचण्यांतील ६३६ फुफ्फुस कर्करोग रुग्णांची माहिती तपासली गेली. आधी व्यायाम केलेल्यांत शस्त्रक्रियेनंतरच्या फुफ्फुसाच्या गुंतागुंतीचा धोका सुमारे ५५ टक्क्यांनी कमी दिसला आणि रुग्णालयातील मुक्काम सुमारे दोन दिवसांनी घटला. हे सगळेच रुग्ण सीओपीडीचे नव्हते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

गावात राहून काय करता येईल?
डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घ्यावा. महागडी यंत्रे नसली तरी चालते. सपाट रस्त्यावर, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. दम लागला की थांबावे, ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडावा आणि पुन्हा चालावे. घाटाचा चढ पहिल्याच दिवशी नको. इनहेलर सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यावा. छातीत दुखणे, चक्कर किंवा थुंकीतून रक्त आल्यास व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे.

विडी-सिगारेट आजच बंद करावी. मदतीसाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. रुग्णाला चुलीच्या धुरापासून दूर ठेवावे.

व्यायामासाठी शस्त्रक्रिया लांबवावी का?
स्वतःहून कधीही नाही. गाठ वाट पाहत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच सर्जनला विचारावे : ‘तोवर कोणता व्यायाम करू आणि तो कोण शिकवेल?’