ओढ्याकांठची जाळीची भिंत : दगड, तार व भराव यांची निवड

पावसाळ्यांत फुटलेला बांध हिंवाळ्यांत पुन्हां घालतां येतो. परंतु ओढ्यानें किंवा नदीनें कांठ तोडून नेलेली जमीन परत मिळवितां येत नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र पूर्वींइतकेंच राहतें, सारा तितकाच भरावा लागतो, आणि शेत मात्र दरसाल हात-दोन हात आंत सरत जातें. २०१९ व २०२१ या दोन्ही सालीं कृष्णा व पंचगंगा या नद्यांस आलेले महापूर आमच्या वाचकांच्या स्मरणांत असतीलच. पुरानें बुडालेलें पीक पुढील हंगामांत पुन्हां उभें राहतें, पण खचलेला कांठ उभा राहत नाहीं. अशा कांठास आळा घालण्याचा एक भरंवशाचा उपाय म्हणजे तारेच्या जाळींत दगड भरून रचलेली भिंत होय. तिजसाठीं कोणतें सामान घ्यावें व कोणतें टाळावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

ह्या भिंतीस ‘गॅबियन’ असें म्हणतात. शब्द मूळचा इटालियन भाषेंतील असून त्याचा अर्थ मोठा पिंजरा असा आहे. पूर्वीं युरोपांत फोकांच्या टोपल्यांत माती भरून तोफांच्या माऱ्यापासून आडोसा करीत असत. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील बोलोन्या शहराजवळ रेनो नदीच्या कामावर तारेच्या जाळींत दगड भरून वापरण्यांत आले, आणि ही पद्धत हळूहळू जगभर पसरली. आपल्याकडे पाणलोट क्षेत्राच्या कामांत नाल्यांवर घातलेले जाळीचे बंधारे पुष्कळांनीं पाहिले असतील. कांठाची भिंत त्याच जातीची. फरक इतकाच कीं, बंधारा पाणी अडवितो व ही भिंत माती अडविते.

चुन्याच्या किंवा सिमेंटच्या भिंतीपेक्षां हिचे दोन गुण मोठे आहेत. पहिला, ती पाणी कोंडीत नाहीं. पूर ओसरतांना कांठाची माती पाण्यानें भरलेली असते. बंद भिंतीच्या पाठीशीं हें पाणी साठून तिला पुढें ढकलतें, आणि पुरांत टिकलेली भिंत पूर उतरल्यावर पडते. जाळीच्या भिंतींत हेंच पाणी दगडांच्या फटींतून निघून जातें. दुसरा गुण असा कीं, पायाखालची जमीन थोडीफार बसली तरी ही भिंत वांकते, पण दुभंगत नाहीं. मात्र हे दोन्ही गुण सामान चांगलें असेल तरच टिकतात.

प्रथम दगड घेऊं. दख्खनच्या पठारावर काळा पाषाण विपुल आहे. पण काळा दिसणारा प्रत्येक दगड कामाचा नव्हे. विहीर खणतांना मातीखालीं मुरूम, त्याखालीं मांजऱ्या आणि मग घट्ट पाषाण लागतो, हें सर्वांस ठाऊक आहे. यांपैकीं शेवटचा, बारीक कणांचा घट्ट पाषाण उत्तम. विहिरीवर फुकट पडलेला मुरूम व मांजऱ्या पेटींत घालण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. कांहीं पावसाळ्यांत त्यांची माती होते व ती जाळींतून वाहून जाते. कांद्याप्रमाणें ज्याचे पापुद्रे सुटतात तो गोटा व पाषाणाच्या दोन थरांमध्यें सांपडणारा तांबडा मऊ दगड हेहि वर्ज्य समजावे. कोंकणांत व गोव्यांत जांभा हाताशीं असतो. घराच्या भिंतीस तो चांगला. परंतु तो सच्छिद्र व हलका असल्यामुळें वाहत्या पाण्याच्या कामास घट्ट काळा दगडच आणावा.

दगडाची परीक्षा घरींहि करतां येते. हातोडीनें ठोकला असतां चांगला दगड खणखणतो. आवाज बद्द आला तर आंत भेग किंवा कूज आहे असें समजावें. दुसरी परीक्षा पाण्याची. पांच-सहा दगड चांगले वाळवून तोलावे, एक दिवस व एक रात्र पाण्यांत बुडवून ठेवावे आणि वर काढून, फडक्यानें पुसून पुन्हां तोलावे. मूळच्या शंभर भाग वजनांत जितक्या भागांची वाढ झाली तितके टक्के पाणी दगडानें प्यालें. घट्ट पाषाणांत हें प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतें. पांच टक्क्यांहून अधिक पाणी पिणारा दगड घेऊं नये. तेच दगड पुढें दहा-बारा वेळां भिजवून कडक उन्हांत वाळवावे. ज्याचे कोपरे सुटतील किंवा पापुद्रे निघतील त्याची खाण सोडून द्यावी.

वजनाचा हिशेबहि मनांत असावा, कारण ही भिंत मातीस अडविते ती आपल्या वजनानें. घट्ट पाषाणाचें वजन घनमीटरास सुमारें २.८ टन असतें. भरलेल्या पेटींत शेंकडा ३० ते ४० भाग पोकळी राहते. ३५ भाग धरल्यास पेटीचें वजन घनमीटरास सुमारें १.८ टन पडतें. दगड सच्छिद्र, म्हणजे २.२ टनांचा घेतल्यास तेंच वजन १.४ टनांवर येतें. जाळी, मजुरी व खणाई यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच. परंतु हलक्या दगडाच्या भिंतीचें बळ सुमारें पांचव्या हिश्शानें कमी.

जाळीचें भोंक सामान्यतः ८ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर लांब असतें. त्यास १० ते २० सेंटिमीटर, म्हणजे चार ते आठ इंच मापाचा दगड योग्य होय. लहान दगड गळून जातो. फार मोठ्या दगडांनीं पोकळी वाढते. नदींतील गोल गोटे चालतात, पण ते घसरून पेटीचें पोट फुगवितात. खाणीचा कोनेदार दगड एकमेकांत अडकून बसतो. आपल्याच कांठाच्या पायथ्याचे गोटे मात्र कधींहि उचलूं नयेत. कांठाचें थोडेंबहुत रक्षण तेच करीत असतात. दगड काढण्यापूर्वीं परवाना व स्वामित्वधन यांची चौकशी तहसील कचेरींत अवश्य करावी.

आतां तारेकडे वळूं. कुंपणाची एकेरी विणीची जाळी स्वस्त मिळते. पण तिची एक तार तुटली कीं वीण उसवत जाते व पेटी रिकामी होते. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी षट्कोनी असली तरी तिची तार फार बारीक असते. सांधे डाग देऊन जोडलेली चौकोनी जाळी ताठ असल्यामुळें, जेथें पाया बसण्याचा संभव आहे तेथें तिचे सांधे तुटण्याचें भय असतें. ओढ्याच्या कांठास दुहेरी पिळाची षट्कोनी जाळी हीच योग्य. तिची एखादी तार तुटली तरी भोंक पसरत जात नाहीं. ह्या जाळीसाठीं भारतीय मानक आय. एस. १६०१४ हें आहे. नेहमींच्या पेटीस जाळीची तार २.७ मिलिमीटर, कडेची ३.४ मिलिमीटर व बांधावयाची २.२ मिलिमीटर जाडीची असते. बांधावयाची तार जाळीच्याच प्रतीची घ्यावी. दुकानांतील साध्या काळ्या तारेनें पेट्या शिवल्यास ती आधीं गंजते व चांगल्या जाळीचा खर्च वायां जातो.

तारेचें आयुष्य तिच्यावरील जस्ताच्या लेपावर अवलंबून असतें. वरील २.७ मिलिमीटर तारेवर चौरस मीटरास सुमारें २४० ग्रॅम जस्त असावें लागतें. जस्ताचा पातळ हात दिलेली तारहि बाजारांत त्याच नांवानें विकली जाते, आणि नवेपणीं दोन्ही सारख्याच चकाकतात. म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवतां लेपाच्या वजनाचा दाखला विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावा. जस्तांत पांच किंवा दहा टक्के ॲल्युमिनियम मिसळलेला लेप साध्या जस्ताहून अधिक टिकतो. जमीन खारवट असेल, खाडी जवळ असेल, किंवा ओढ्यांत गांवाचें सांडपाणी अगर कारखान्याचें पाणी येत असेल, तर जस्तावर प्लॅस्टिकचें वेष्टन असलेली तार घ्यावी. मात्र हें वेष्टन विस्तवापुढें टिकत नाहीं. ऊस तुटल्यावर भिंतीलगत पाचट पेटविल्यास एका दुपारींत सर्व वेष्टन वितळून जाईल.

भिंतीच्या पाठीमागें काय भरावें हाहि प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. काळी माती पाणी धरून फुगते व भिंतीस पुढें लोटते; म्हणून पाठीशीं निदान दोन-तीन फूट रुंदीचा मुरूम सहा ते नऊ इंचांच्या थरांनीं धुमसून भरावा. पेटींत वर्ज्य ठरलेला मुरूम येथें कामास येतो. मुरूम व पेटी यांमध्यें पाणी जाऊं देणारें पण माती अडविणारें गाळणीचें कापड घालावें. तें न घातल्यास माती फटींतून झिरपून जाते आणि भिंत उभी असतांहि मागची जमीन खचते. ह्या कापडाऐवजीं ताडपत्री वापरूं नये; तिनें पाणी कोंडतें व जाळीच्या भिंतीचा मुख्य गुणच नाहींसा होतो. खताच्या रिकाम्या गोणीहि लवकर कुजटून फाटतात.

उदाहरणार्थ, १० मीटर लांब व २ मीटर उंच भिंत घ्यावयाची आहे असें समजूं. खालचा थर दीड मीटर रुंद व वरचा एक मीटर रुंद धरल्यास एकंदर २५ घनमीटर पेट्या लागतील व त्यांत सुमारें ४५ टन दगड बसेल. दगड रचून भरल्यानें थोडा अधिक लागतो, म्हणून दहावा हिस्सा जास्त मागवावा. पाया ओढ्याच्या तळाखालीं नेऊन तळ मागील बाजूस दहास एक असा कलता ठेवावा, आणि पुढें फूटभर जाडीची दगड भरलेली जाळीची चटई पसरावी. पाण्यानें तळ उकरला तर ती खालीं वाकून पायाचें रक्षण करते. पेट्या प्रथम ताणून एकमेकींस शिवाव्या. मीटरभर उंचीच्या पेटींत दगड फूटफूट भरावे व प्रत्येक थरावर पुढील व मागील जाळी आडव्या तारांनीं बांधावी, म्हणजे पोट सुटत नाहीं. दर्शनी बाजूचे दगड हातानें रचावे, आणि वर एक-दीड इंच शीग ठेवून झांकण शिवावें. भिंत तीन मीटरांहून उंच लागत असेल तर इंजिनियराचा सल्ला घेतल्यावांचून काम हातीं घेऊं नये.

शेवटीं एक गोष्ट शेजारधर्माची. गेलेली जमीन परत मिळविण्याच्या हेतूनें भिंत ओढ्याच्या पात्रांत पुढें सरकवूं नये. पात्र अरुंद झालें कीं पाण्याचा वेग वाढतो आणि समोरचा कांठ तुटूं लागतो. मग दोन शेतकऱ्यांचें वैर ओढ्यापेक्षांहि अधिक नुकसान करतें. आहे तोच कांठ राखावा, वरच्या बाजूस वाळा किंवा निर्गुडी लावावी, आणि दर पावसाळ्यानंतर एकदां भिंतीवरून फिरून तुटलेली तार त्याच जातीच्या तारेनें शिवून घ्यावी. ज्यांस हें काम करावयाचें असेल त्यांनीं दगडाची परीक्षा आतांच, उन्हें कडक असतां, घेऊन ठेवावी आणि तारेचा दाखला हातीं आल्यावांचून पैसे मोजूं नयेत, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.