रुग्णाच्या उशाशी कोण बसणार?

वर्षावासात शिरूरच्या एका विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. आजारी भिक्खूचा प्रसंग आला. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडून होता. तो कुणाच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजविले आणि मग संघाला बोलावून विचारले, की आईबापांपासून दूर आलेल्या तुम्हाला एकमेकांशिवाय आहे कोण?

वाचन संपले, खीर वाटली. चपला घालताना एक मावशी हळूच म्हणाल्या, "भाऊ, उद्या पुण्याला शेक घ्यायला जायचंय. सोबतीला कुणी न्हाई."

आम्ही खाली बघत राहिलो. दोन आठवडे त्या एकट्या एसटीने जाऊन येत होत्या आणि आम्ही रोज त्यांच्याच शेजारी बसून प्रवचने ऐकत होतो!

घरच्यांना दोष देणे सोपे आहे. मावशींचे मालक बिगारी. मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर. खाडा झाला की रोज बुडतो, चार खाडे झाले की काम जाते. आपल्या वस्तीत माणूस दवाखान्यात एकटा पडतो तो बहुधा माया आटली म्हणून नव्हे, हजेरी बुडते म्हणून.

पण दुसरी गोष्ट आम्हाला जास्त लागली. मावशींचे ताट, तांब्या, अंथरूण वेगळे ठेवलेले. नातवाला जवळ जाऊ देत नाहीत. कॅन्सर लागतो म्हणे! १९२७ साली महाडच्या पाण्यासाठी ज्यांचे आजे-पणजे लढले, त्यांच्याच घरात आजारी बाईचा तांब्या वेगळा? कॅन्सर शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. बाहेरून यंत्राने दिलेला शेक अंगात साठून राहत नाही, त्यामुळे नातू खुशाल मांडीवर बसू दे. जपायचे ते उलट. केमोनंतर रुग्णाचीच प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून सर्दी-तापाच्या माणसाने त्यांच्यापासून लांब राहावे.

आता हिशेब. शेक आठवड्यातून पाच दिवस. सहा आठवड्यांचा म्हटला तर तीस फेऱ्या. एकट्या माणसाचे तीस खाडे म्हणजे घर बसलेच. पाच जणांनी एकेक वार वाटून घेतला तर प्रत्येकाला आठवड्यात एक, सगळे मिळून सहा. विहारातल्या फळ्यावर सोमवार ते शुक्रवार लिहिले आणि नावे मागितली. पहिले नाव आले ते धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंचे. चांगले पगारदार तेव्हा घड्याळ बघत होते. (आम्हीही त्यातलेच.)

सोबत्याने करायचे काय? शेकाच्या खोलीत रुग्णाला एकटेच जावे लागते. ती काही मिनिटेच असतात, पण बाहेर आपले माणूस बसले आहे हे आत पडलेल्याला माहीत असते. डॉक्टर बोलतात त्यातले निम्मे रुग्णाच्या कानात शिरत नाही, भीतीच तेवढी असते. म्हणून सोबत्याने वहीत लिहून घ्यावे, फाईल सांभाळावी. परतताना खिडकीची जागा आणि मळमळीसाठी एक पिशवी. केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा. आणि भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी कोण कसे गेले याची यादी तेवढी घरी ठेवून यावी!

ही पाळीची कल्पना आमची नव्हे. दौंडच्या रेल्वे वसाहतीतील भगिनींनी ती आधीच चालविली होती, तीही थेट परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून लोक येतात, आणि सोबत्याचे पहिले दुखणे म्हणजे रात्री पाठ टेकायची कुठे. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे रुग्ण आणि त्याचे माणूस थोड्या पैशांत राहू शकतात. ज्या बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, त्यांच्याच नावाच्या छपराखाली आपली माणसे टेकतात.

दौंडच्या भगिनींकडूनच आम्हाला कळले, की उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत सवलत असते आणि ती सोबत्यालाही मिळते. दुसऱ्या वर्गात दोघांनाही ७५ टक्के. स्लीपरमध्ये रुग्णाला पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला भरून घ्यावा लागतो. शिरूरला रेल्वे नाही, पण मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तिचे कागद पुरे करायला रुग्णाला पळवू नये, तेही सोबत्याचेच काम.

मावशींच्या शेकाचे नऊ दिवस राहिले आहेत. ताट आता एकच झाले आहे, अंथरुणाचे अजून जमायचे आहे. गुरुवार आमच्याकडे आहे. गेल्या गुरुवारी वाटेत आम्ही धीर देण्याचे फार बोललो. तेव्हा त्यांनी सांगितले, "भाऊ, पुढच्या खेपेला नुसतं बसा. आन् डब्यात तिखट नगं, तोंड आलंय."

मऊ भात आणि ताक न्यायचे ठरले आहे.